गयाबाईंचं कार्ड आणि तोकमोकचा मेंढीबाजार

परभणीच्या बसस्थानकासमोर एका प्रवास-कार्यालयात मी परकीय चलनाच्या काउंटरवर बसते. काम सोपं आहे. परदेशी जाणारा माणूस येतो, रुपये भरतो, मी त्याला एक कार्ड देते आणि त्यात त्याचे डॉलर होऊन बसतात. तिकडे गेल्यावर मशीनमध्ये कार्ड घालायचं, चार आकडे दाबायचे, की तिथलं चलन हातात. मक्केला उमऱ्यासाठी निघालेल्या चाचांना, डॉक्टरकी शिकायला निघालेल्या पोरींना हे मी इतक्यांदा समजावलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. स्वतः मात्र कधी देशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पासपोर्ट काढून ठेवला होता, तो कपाटात साड्यांखाली पडून होता.

त्याला बाहेर काढलं गयाबाईंनी.

गयाबाई जिंतूरकडच्या एका गावातल्या. घरची थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरांचा कळप. त्यांची मुलगी कोमल किर्गिझस्तानात, बिश्केक शहरात डॉक्टर होते आहे. तिच्यासाठी पैसे भरायला कधी तिचे वडील ज्ञानोबा यायचे, कधी गयाबाई. यंदा उन्हाळ्यात आल्या त्या वेगळाच विचार घेऊन.

"म्याडम, मला तिकडं जायचंय. पोरीला बघायचंय, अन् तिच्या घरमालकिणीलाबी बघायचंय."

घरमालकिणीची गोष्ट मला ठाऊक होती. पहिल्याच हिवाळ्यात कोमलला कावीळ झाली. वसतिगृहात एकटी पडून होती. जवळच्या बेकरीत काम करणारी एक बाई तिला रोज पाव देत असे. दोन-तीन दिवस पोर दिसली नाही म्हणून ती बाई शोधत वर आली आणि तिला सरळ आपल्या घरी घेऊन गेली. गुलनारा तिचं नाव. बरी झाल्यावर कोमल तिथंच भाड्यानं राहिली. इकडे गयाबाई फोनवर सगळं ऐकत होत्या आणि जाता मात्र येत नव्हतं.

"पोर माझी, अन् उशाशी बसली ती," त्या म्हणाल्या. "मनातून जाईनाच ते."

ज्ञानोबांना चला म्हटलं तर त्यांचं उत्तर तयार होतं, मग मेंढरं कुणी बघायची? तेव्हा गयाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी चला की. तुमाला तिकडचं सगळं ठावं हाय." मी हसले. मला ठाऊक होतं ते सगळं काउंटरच्या या बाजूनं. संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग जा की. रजा साठवून काय करणार?"

गयाबाईंच्या नावानं कार्ड काढलं, दोघींना एकच पुरेल म्हणून माझ्यासाठी वेगळं काढलं नाही. मोबाइल नंबर मात्र घरातला नेहमीचाच दिला, ज्ञानोबांचा. पाकिटात दोन कार्डं असतात, एक वापरायचं आणि दुसरं अडीअडचणीला. दुसरं वेगळं ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते, तसं त्यांनाही सांगितलं. त्यांनी ते कापडी पिशवीत घालून पिशवीचं तोंडच शिवून टाकलं. वर म्हणाल्या, "आता कोण काढतंय बघू."

बिश्केक

दिल्लीहून विमान सुटलं की थोड्याच वेळात खाली नुसते बर्फाचे डोंगर. गयाबाईंनी खिडकीला लावलेलं कपाळ उतरेपर्यंत काढलं नाही. त्या एकदाच बोलल्या, "हितं चारा कुठं असंल?"

विमानतळावर कोमल उभी होती. फोनमध्ये दिसायची त्यापेक्षा उंच आणि गालांवर लाली. आई-मुलीनं एकमेकींना मिठी वगैरे मारली नाही. गयाबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून आधी डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. पिवळेपणा नव्हता. मग रडल्या.

बिश्केकमधलं पहिलं मशीन मी विमानतळावरच गाठलं. कार्ड आत, चार आकडे, आणि खर्रकन सोम बाहेर आले. सोम म्हणजे तिकडचे पैसे. इतकी वर्षं जे लोकांना सांगत होते ते खरं असतं हे पाहून मला उगाच अभिमान वाटला. "बघा, सोबत रोख आणायची गरजच नव्हती," असं मी गयाबाईंना म्हणालेसुद्धा.

शहर सपाट आहे आणि झाडांनी भरलेलं. रस्त्याच्या कडेला छोट्या चाऱ्या आहेत आणि त्यांतून डोंगरावरचं पाणी खळखळत वाहतं. झाडांसाठीच सोडलेलं. गयाबाई एका चारीपाशी थांबल्या, वाकून हात भिजवला. "कुणाचंच न्हाई हे?" त्यांनी विचारलं. कोमल म्हणाली, "सगळ्यांचं हाय, आई." दक्षिणेकडे मान वर केली की भर उन्हाळ्यात पांढरीशुभ्र शिखरं. आमच्याकडे त्याच वेळी लोक कूलरमध्ये पाणी ओतत असणार.

गुलनाराचं घर शहराच्या कडेला, एकमजली, पत्र्याचं छप्पर, पुढे कुंपण घातलेलं अंगण आणि त्यात जर्दाळूचं झाड. ती पन्नाशीची, रुंद खांद्यांची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली. दारातच तिनं आम्हाला पाहिलं आणि हात पसरून म्हणाली, "मेइमान! मेइमान!"

गयाबाई चमकल्या. "मेहमान म्हणायलीय का गं ती?"

"तेच," कोमल हसली. "हितं बाजाराला बाजारच म्हणत्यात, दुकानाला दुकेन, आभाळाला असमान."

"मग आपलीच की."

आमच्या बाजूला दोनशे वर्षं निजामाचं राज्य होतं, त्यामुळे आमच्या बोलीत असे शब्द भरपूर. इतक्या लांबवर ते पुन्हा भेटतील असं वाटलं नव्हतं. गयाबाईंनी पुढचे चार दिवस त्या शब्दांवरच काढले. कांदा दाखवून "पियाज?" म्हणायचं आणि गुलनारानं मान डोलावली की खूश व्हायचं.

जेवायला कापड अंथरून त्यावर गोल पाव, लोणी, जर्दाळूचा मुरंबा, आणि लांब शेवयांचा मटणाचा रस्सा. कोमल राहायला आली तेव्हापासून गुलनाराच्या घरात गाईचं आणि घोड्याचं मांस शिजत नाही, हे आम्हाला तिथं कळलं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, कोमलनं सांगितलं. मी पाव तोडून उरलेला तुकडा पालथा ठेवला, तर गुलनारानं हळूच तो उलटा करून सुलटा ठेवला. आमच्याकडे अन्नाला पाय लागला तर नमस्कार करतात, तसंच काहीतरी. चहा छोट्या वाडग्यांतून येतो आणि वाडगं अर्धंच भरतात. मला आधी कंजूषपणा वाटला. मग कळलं की पाहुण्याला पुन्हा पुन्हा वाढता यावं म्हणून ते अर्धं असतं. भरून दिलं तर त्याचा अर्थ, आता निघा.

गयाबाईंनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. गुलनारानं चटणी खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं अजून मागितली.

त्या दुपारी गुलनारा कामावर गेल्यावर गयाबाईंनी मनातलं सांगितलं. "आमच्यात बहिणीला माहेरची मेंढी देत्यात. ती वाढती, तिची पिल्लं व्हत्यात, बहिणीच्या घरात माहेर ऱ्हातं. मला हिला मेंढी द्यायची. साडीचोळी देऊन व्हणार न्हाई हे."

कोमल मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, एजे बेकरीत काम करती. मेंढी घेऊन काय करील ती? पण आईला कसं सांगू?" एजे म्हणजे थोरली बहीण. गुलनाराला ती तसंच हाक मारायची. मलाही तोच प्रश्न पडला होता. पण सांगितलं दोघींनीही नाही.

तोकमोक

रविवारी पहाटेच आम्ही तोकमोकला निघालो. तासाभराचा रस्ता. तिकडे लहान व्हॅन चालतात, आपल्याकडच्या काळी-पिवळीसारख्याच, भरल्याशिवाय हलत नाहीत. गुलनाराला सांगितलं, फिरायला जातो.

गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात मेंढीबाजार भरतो. धूळ, ओरडा, घोडे, गाड्यांच्या डिक्कीतून मान वर काढून बघणाऱ्या मेंढ्या. उंच पांढऱ्या टोप्या घातलेले म्हातारे. इतके दिवस प्रत्येक गोष्टीत लेकीच्या मागे चालणाऱ्या गयाबाई इथं मात्र पदर खोचून सरळ आत शिरल्या. पहिल्याच मेंढीमागे थबकल्या.

"अगं बया! ही शेपूट हाय का गाठोडं?"

तिकडच्या मेंढ्यांना शेपटीच्या जागी चरबीचा मोठा गोळा असतो, चालताना तो हेलकावे खातो. गयाबाईंनी तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला. शेजारचा म्हातारा खदखदा हसला. त्यानं हातानं खूण करून विचारलं, तुमच्याकडे कशी असते? गयाबाईंनी करंगळी दाखवली. मग चार-पाच माणसं जमली आणि करंगळी बघून सगळेच हसले.

त्याच म्हाताऱ्याकडे त्यांनी मेंढी पसंत केली. करड्या रंगाची, पायांशी एक पांढरं कोकरू. दात पाहिले, कास पाहिली, पाठीवरून हात फिरवला. भाव कोमलनं केला. ठरल्यावर म्हाताऱ्यानं हात पुढे केला आणि गयाबाईंनी बिनधास्त हातात हात दिला. आता पैसे. बाजारात सगळं रोखीनं, आणि माझ्याकडचे सोम पुरणार नव्हते.

"दोन मिनिटांत आणते," म्हणून गयाबाईंचं कार्ड घेऊन मी बाजाराच्या तोंडाशी असलेल्या मशीनकडे गेले.

मशीननं कार्ड घेतलं. पडद्यावर रशियन अक्षरं आली. मी इंग्रजीचं बटण शोधलं, सापडेना. पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. तेवढ्यात पडद्यावर आणखी काही तरी आलं, गेलं, आणि मशीन गप्प झालं. कार्ड बाहेर आलंच नाही. फार वेळ लागला की मशीन कार्ड आत ओढून घेतं, हेही मी लोकांना सांगत असते. मी मशीनवर थपडा मारल्या. रांगेतल्या बाईनं हात हलवून सांगितलं, गेलं ते. शेजारची बँक रविवारची बंद.

मी परत आले. गयाबाई मेंढीच्या गळ्यातली दोरी धरून उभ्या होत्या. त्यांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. खाली बसून पिशवीची शिवण दातांनी उसवू लागल्या.

दुसरं कार्ड निघालं. पण ते चालू करायला बँकेच्या मदत क्रमांकावर फोन करावा लागतो, आणि तिकडून एक आकडा मोबाइलवर येतो. मोबाइल कुठला? ज्ञानोबांचा. ते मेंढरांमागे.

कोमलनं फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना.

गयाबाईंनी सूर्याकडे पाहिलं. "आता कळप वढ्यात असंल. तिथं रेंज न्हाई. जरा दम धरा, टेकाडावर चढले की लागंल."

म्हाताऱ्यानं काय झालं ते कोमलकडून ऐकलं. मान डोलावली, मेंढीसमोर गवताची पेंढी टाकली आणि टोपी डोळ्यांवर ओढून बसला. त्याला घाई नव्हती, पण बाजार दुपारच्या आत मोडतो. आजूबाजूच्या गाड्या भरायला लागल्या होत्या. आम्ही तंदुरातले सम्से घेतले. समोशासारखेच, आत मटण आणि कांदा, जीभ भाजणारे. गयाबाईंनी खाल्ला नाही, हातात धरून ठेवला.

माझ्या मनात नको नको ते येत होतं. ही बाई घरदार सोडून, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून ज्या एका गोष्टीसाठी आली, ती माझ्या चष्म्यापायी राहणार.

मग कोमलच्या फोनवर ज्ञानोबांचाच फोन आला. टेकाडावरून. मागे मेंढरांचा आवाज, इकडेही मेंढरांचा आवाज.

"मिस्काल दिसले लय. काय झालं?"

मी घाईघाईनं सांगितलं आणि माझ्या फोनवर बँक जोडून घेतली. आकडा पाठवल्याचं तिकडच्या मुलीनं सांगितलं. "ज्ञानोबा, मेसेज आला का? आकडा वाचा."

"आला. पण कुणालाबी सांगू नका म्हणून लिव्हलंय."

"अहो, मी आहे. काउंटरवरची."

"व्हय म्याडम. पण तुमीच तर बजावलं व्हतं, बँकेचं कुणीबी मागितलं तरी द्यायचं न्हाई म्हणून."

बजावलं होतं खरं. बँकेची मुलगी म्हणाली, मुदत संपली, पुन्हा पाठवते. मी कपाळाला हात लावला. गयाबाईंनी कोमलच्या हातातून फोन घेतला.

"अवो, मी बोलायलेय. कार्ड माझ्या नावाचं हाय. मला सांगा."

पलीकडून ज्ञानोबांनी विचारलं, "जेवलीस का?"

"आधी आकडा सांगा!"

"सांगतो की. एवढ्या लांबून फोन, इचारू बी नये का?"

मग ते एकेक आकडा सावकाश, मोजणी केल्यासारखे सांगू लागले. गयाबाई मोठ्यानं म्हणत गेल्या, मी फोनवर दाबत गेले. शेवटचा आकडा दाबल्यावर बँकेची मुलगी म्हणाली, "कार्ड सुरू झालंय, मॅडम." मी गयाबाईंना इशारा केला. त्या फोनमध्ये म्हणाल्या, "झालं. आता जेवते." आणि थंड झालेला सम्सा खाऊ लागल्या.

या वेळी मी कोमलला सोबत नेलं. दुसरं मशीन, पडदा तिनं वाचला, बटणं मी दाबली. परत आलो तर मैदान जवळजवळ रिकामं. म्हातारा बसून होता. पैसे घेताना त्यानं मेंढीच्या पाठीवरची थोडी लोकर ओढून खिशात ठेवली. कोमल म्हणाली, जनावर गेलं तरी त्याची बरकत घरात राहावी म्हणून.

मेंढी आणि कोकरू टॅक्सीच्या डिक्कीतून घरी आली. टॅक्सीवाल्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

जर्दाळूखाली

गुलनारा दारात आली, मेंढी पाहिली आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. शेजारीपाजारी कुंपणापाशी जमले. कोणीतरी हसलं, कोणीतरी आत धावलं. मला वाटलं, किती छान झालं. तेवढ्यात शेजारचा एक दांडगा माणूस बाह्या सारून आला. एका हातात सुरा, दुसऱ्या हातात परात.

तिकडे घरी मोठा पाहुणा आला की मेंढी कापतात. पाहुण्यानंच मेंढी आणली म्हणजे तर आजच जेवण, आजच गल्ली गोळा. त्या माणसाला वाटलं, आपली मदत लागणार.

गयाबाईंनी सुरा पाहिला. ओरडल्या नाहीत. मेंढीशेजारी जमिनीवर बसल्या, एक हात तिच्या गळ्याभोवती टाकला आणि कोकराला मांडीवर ओढलं. त्या स्वतः मटण खाणाऱ्या, कापताना पाहिलेल्या. पण दुभत्या मेंढीला सुरा लावायचा नाही, हे त्यांच्या बसण्यावरून कुणालाही कळलं असतं. तो माणूस गोंधळून थांबला.

"कोमल, हिला सांग," गयाबाई गुलनाराकडे बघून म्हणाल्या. "ही खायला न्हाई आणली. माझी लेक मरायला टेकली व्हती, मला येता आलं न्हाई. तू बसलीस. तवापासून तू माझी बहीण झालीस. आमच्यात बहिणीला मेंढी देत्यात. ठेवायला. तुला जड व्हत असंल तर सांग, राग न्हाई यायचा मला."

कोमल सांगू लागली. गुलनारा ऐकत राहिली. मग ती मेंढीपाशी गुडघ्यांवर बसली आणि तिच्या लोकरीत दोन्ही हात खोल घातले. मग हळू आवाजात बोलली.

"ती म्हणती," कोमल म्हणाली, "तिच्या आईकडं डोंगरात मोठा कळप व्हता. ही लहान असताना वाईट दिवस आले, सगळी मेंढरं विकली अन् हे लोक शहरात आले. तवापासून तिनं मेंढीला हात लावला न्हाई."

"मग ठेवतीस का, इचार."

गुलनारा उठली, त्या दांडग्या माणसाच्या हातातून परात घेतली, नळाखाली भरली आणि मेंढीसमोर ठेवली. मेंढी पाणी प्यायली. तो माणूस सुरा कमरेला खोचून घरी गेला आणि थोड्या वेळानं फळ्या आणि हातोडा घेऊन परत आला. संध्याकाळपर्यंत जर्दाळूच्या झाडाखाली आडोसा उभा राहिला. जेवायला त्या दिवशी बटाटे होते. गल्लीतल्या सगळ्यांनी तेच खाल्ले.

निघायच्या सकाळी मी अंगणात आले तर गयाबाई आणि गुलनारा मेंढीपाशी. गुलनारा तोंडानं एक विचित्र आवाज काढत होती, जीभ टाळूला लावून, श्वास आत ओढत. तिच्या आईची मेंढरं बोलवायची हाक, म्हणाली कोमल. रात्रभर आठवत बसली होती, आत्ता आठवली. मेंढीनं कान टवकारले. गयाबाईंनी आपली हाक घातली, "हुर्र, हुर्र, ये, ये." मेंढीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेवटी गुलनाराकडे गेली. गयाबाई हसल्या, पण मेंढी गेली त्या बाजूला बराच वेळ बघत राहिल्या.

विमानतळावर कोमलचा निरोप घेतला. आत शिरल्यावर मी गयाबाईंना सांगितलं की कार्डात थोडे डॉलर शिल्लक आहेत, परभणीला गेल्यावर रुपये करून देते. त्यांनी मान हलवली.

"ऱ्हाऊ द्या तसंच. पुढच्या साली पुना यावं लागंल. गुलनाराला अजून मेंढी कातरायला न्हाई येत."